तुझ्या मायेने माझी खोली गेली

ठाणे, धर्मादाय चाळ (खोलीचा नंबर सध्या वादात)
सोमवार, २० नोव्हेंबर १८९३

येशू, मारी, जोसेफ

प्रिय फेलिक्स,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे. आशीर्वाद मनापासून आहे, देताना दात मात्र आवळलेले आहेत. तुझा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान बांधतोस, की कंपनीच्या डॉक्टरने दिलेली ती पांढरी पूड अजून खातोस? व्हेरोनिकाचा खोकला थांबला का? छोट्या क्लाराला देवी टोचल्या त्या हाताची सूज उतरली का? (आमच्या चाळीत कुणी कुणाच्या तब्येतीची एवढी चौकशी केली, तर आजारी बाई अंथरुणावर उठून बसते आणि मी ठणठणीत आहे म्हणून सांगते. त्याचं कारण पुढे येईल. तुझ्या गुडघ्याची चौकशी मी निव्वळ गुडघ्यासाठी करते आहे.) माझं म्हणशील तर अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईने जेवढं बरं असावं तेवढी मी बरी आहे. कागदाला सुक्या बोंबलांचा वास येईल, त्याला इलाज नाही. हे पत्र मी डाकेने पाठवलेलं नाही. चेंदणीची बायजा कोळीण दर बुधवारी कल्याणच्या बाजाराला येते, तिच्या टोपलीच्या तळाशी घालून पाठवते आहे. आपल्या घरचं पत्र भल्या माणसांच्या हातून रीतसर आलं की काय होतं, ते मी नुकतंच पाहिलं.

तर आता तुझ्या पत्राकडे येते. तुला रेल्वेत तीस वर्षं झाली. रजा हवी असली तरी स्टेशनमास्तरांच्या द्वारा अर्ज, कंदिलाची काच तडकली तरी द्वारा अर्ज, हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही. पण सख्ख्या बहिणीला मायेचं पत्र लिहिताना पाकिटावर ‘मेहेरबान चिटणीससाहेब, धर्मादाय चाळ, ठाणे, यांच्या द्वारा’ असं लिहिणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात तू एकटाच. तुला वाटलं असेल, आपण अदबीने वागलो. अरे, चाळ चालवणाऱ्या मंडळाचा नियमच आहे, की चिटणिसांच्या द्वारा जो कागद येईल तो अर्ज समजायचा. आणि अर्ज म्हटला की तो ओटीवर सगळ्या बायकांसमोर मोठ्याने वाचायचा, म्हणजे मागाहून कुणी मला कळलंच नाही असं म्हणायला नको. तुझी माया अशी ओटीवर वाचली गेली. आणि त्या मायेपायी माझी तीन नंबरची खोली गेली, ती कशी ते आता शांतपणे वाच.

चाळीची रीत मी तुला सहा वर्षांत चार वेळा सांगितली आणि चारही वेळा तू घोरत होतास, म्हणून आता लिहूनच देते. आठ खोल्या आहेत, एका ओळीत, पुढे एकच लांब ओटी. एक नंबर विहिरीशेजारी. तिला दोन खिडक्या आणि दारात चाफा. आठ नंबर पार दुसऱ्या टोकाला, आणि तिच्या भिंतीला लागून एक पडवी आहे. तीत देवळाची मयताची गाडी उभी असते आणि पाद्रीबाबांची शेळी बांधलेली असते. ज्या बाईंनी ही चाळ धर्मादाय करून दिली त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं, की नव्या बाईने आठ नंबरमध्ये यावं, आणि पुढची कुठलीही खोली रिकामी झाली की तिच्या मागच्या सगळ्यांनी एकेक खोली पुढे जावं, म्हणजे जसजसं वय वाढेल तसतशी विहीर जवळ येत जाईल. विचार चांगला होता, पण बाईंना स्वतःला कधी बिऱ्हाड हलवावं लागलं नसणार. इथे एक जण देवाघरी गेली की तिच्या मागच्या सगळ्या जणींची बिऱ्हाडं एकाच दिवशी हलतात. याला आम्ही ‘सरक’ म्हणतो. दुपारची घंटा झाली की प्रत्येकीने आपलं किडूकमिडूक ओटीवर आणून ठेवायचं, पुढचीने खोली सोडली की तीत शिरायचं, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेआधी सगळ्यांनी आपापल्या नव्या चुलीवर भात चढवलेला असायचा. (मागच्या सरकेत माझी लोणच्याची बरणी चुकून मागच्या एका खोलीत राहिली. परत आली ती निम्मी. मी फक्त लोणचं कसं झालं होतं ते विचारलं.)

मी या चाळीत आले ती शाळेतून निवृत्त झाल्यावर. एकोणतीस वर्षं मुलींना कित्ता गिरवायला लावला, आणि त्यानंतर शाळेची खोली रिकामी करून द्यावी लागली, तेव्हा मंडळापुढे उभं राहून मी शपथेवर सांगितलं, की मला छप्पर देणारं रक्ताचं माणूस नाही. ते तेव्हा खरंच होतं. तू इगतपुरीला कंपनीच्या बराकीत सात गडी मिळून राहत होतास आणि व्हेरोनिका मुलांना घेऊन माहेरी होती. मला आठ नंबर मिळाली. त्यानंतर सहा वर्षांत पाच सरका झाल्या आणि मी तीन नंबरला पोचले. ज्या पाच जणी गेल्या त्यांच्यासाठी मी मनापासून रडले. पण रडता रडता एक डोळा पुढच्या खोलीची खिडकी किती मोठी आहे ते बघत होता, हे मी कबुलीजबाबात सांगून टाकलेलं आहे, तेव्हा तुला सांगायला हरकत नाही. तब्येतीच्या चौकशीचा इथे धसका आहे तो यामुळे. एक नंबरची इसाबेल आजी नव्वदीची आहे. रोज सकाळी सातही जणी विहिरीवर जाता जाता तिला कशी आहेस म्हणून विचारतात, आणि ती रोज सातही जणींना एकच उत्तर देते, ‘तुझ्याहून बरी.’

या चाळीतून बाहेर पडायची आजवर एकच वाट होती, ती पडवीतल्या गाडीतून. कुणा बाईचा भाऊ जागा झाला आणि त्याने तिला घरी बोलावलं, असं मृत्युपत्र लिहिणाऱ्या बाईंच्याही डोक्यात आलं नव्हतं. बुधवारी तुझं पत्र आलं तेव्हा मी उत्तनला मावशीच्या नातीच्या लग्नाला गेले होते. एरवी चाळीत आलेला प्रत्येक कागद मीच वाचून दाखवते, कारण आठांत अक्षर कळणारी मी एकटी. मी नव्हते म्हणून चिटणीस व्हॅलेरियनसाहेबांनी घंटा वाजवणाऱ्या इनासला वाचायला बसवलं. इनासला वाचता येतं, पण त्याने आयुष्यभर मयताच्या प्रार्थनाच वाचल्यामुळे तो वाण्याची यादीसुद्धा त्याच सुरात वाचतो. चार नंबरची नाताल मला सांगत होती, की तू लिहिलंस म्हणे, बाय, मला कल्याणला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, त्यातली एक तुझी, तुझी खाट मी खिडकीशी टाकून ठेवली आहे. इनासच्या सुरात हे ऐकून दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. इसाबेल आजीला नीट ऐकू येत नाही. तिने सूर ऐकला आणि मीच वारले असं समजून माझ्या आत्म्यासाठी जपमाळेच्या दहा मण्यांची प्रार्थना म्हणून टाकली. (ती परत कशी घ्यायची ते तिला कळत नाही. मी म्हटलं, राहू दे, खात्यावर असू दे.)

व्हॅलेरियनसाहेब मात्र रडले नाहीत. तीस वर्षं जकातीच्या नाक्यावर लोकांची गाठोडी सोडून बघितलेला माणूस तो. त्यांनी नियमांची वही काढली, सातवा नियम वाचला, की ज्या बाईला छप्पर देणारं रक्ताचं माणूस असेल तिला इथे खोली नाही, आणि मास्तरीणबाई कुठे आहेत म्हणून विचारलं. सगळ्यांनी एका तोंडाने सांगितलं, की त्या सोमवारीच गाठोडं घेऊन गेल्या. आता गाठोड्यात लग्नाचा आहेर होता आणि मी होडीने गेले होते, आणि होडी कल्याणला जात असली तरी उत्तन कल्याणच्या नेमकं उलट्या दिशेला आहे, हे इतक्या माणसांत एकालाही सुचू नये? कुणी म्हणालं, भाऊ बोलावतो म्हटल्यावर थांबेल कशाला, सामान मागाहून बैलगाडीने जाईल. झालं. साहेबांनी वहीत ‘गेल्या’ असं लिहिलं. गुरुवारी दुपारी इनासने घंटा दिली आणि माझ्या मागच्या पाचही जणी एकेक खोली पुढे सरकल्या.

मी शुक्रवारी परत आले. लग्नाचं गोड पोटात, हातात सातही जणींसाठी बांधून आणलेले लाडू, आणि ओटीवर बघते तर माझं सगळं सामान माझ्याच दारासमोर, असं नीट बांधलेलं की मी स्वतः कधी इतकं नीट बांधलं नाही. पुस्तकं पुस्तकांशी, भांडी भांड्यांशी, संत अंतोनची मूर्ती माझ्या जुन्या शालीत गुंडाळून वर दोरी. आणि माझ्या रविवारच्या टोपीच्या खोक्यात नातालची कोंबडी बसलेली. दार माझं, पण आतून नाताल बाहेर आली.

‘अगं बाय, मास्तरीणबाय, तू परत कशाला आलीस?’ म्हणाली. ‘आम्ही तर काल तू सुखाने पोचावी म्हणून मेणबत्ती लावली.’

मी विचारलं, कुठे पोचावी?

‘कल्याणाला. भावाकडे. खिडकीशी खाट हाय म्हणे तुझी.’

मी म्हटलं, माझी खाट इथेही खिडकीशीच होती.

‘व्हती ना,’ ती म्हणाली, ‘लय ग्वाड वारा येतो. काल दुपारी पडले ती थेट घंटेलाच उठले.’

अशा माणसाशी भांडायचं कसं? मी लाडूंचं पुडकं तिच्या हातात दिलं आणि कोंबडीला उठवून टोपी घेतली. टोपीत अंडं होतं. ते नाताल परत घेईना, म्हणाली, तुझ्या टोपीत घातलं म्हणजे तुझंच.

तशीच व्हॅलेरियनसाहेबांकडे गेले. त्यांनी तुझं पत्र दप्तराला लावलं होतं. पाकीट मला दुरून दाखवलं, हातात दिलं नाही. मी म्हटलं, मी इथे आहे, तेव्हा सरक उलटी करा. ते म्हणाले, मृत्युपत्रात पुढे जाण्याचं लिहिलं आहे, मागे येण्याचं लिहिलेलं नाही. मी म्हटलं, म्हणजे मी मेले असं समजायचं का? त्यावर ते दौतीत टाक बुडवून म्हणाले, ‘मास्तरीणबाई, तसं असतं तर सोपं होतं. मेलेल्यांचा रकाना आहे. तुम्ही गेलात आणि आहात, त्याला रकाना नाही.’ त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, हे मी मान्य केलं पाहिजे. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, माझं की रकान्याचं ते सांगता येत नाही. शेवटी त्यांनी तोड काढली. रिकामी आहे ती एकच खोली, आठ नंबरची. मी नवीन बाई म्हणून नवा अर्ज करावा, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्या खोलीत पाहुणी म्हणून राहावं. येत्या रविवारी, सव्वीस तारखेला, मिस्सानंतर मंडळ बसेल आणि खोली कुणाची ते ठरवेल. ‘कुणाची’ म्हणायचं कारण, भाईंदरची एक बाईही त्याच खोलीवर हक्क सांगते आहे. तिचे दोन मुलगे मिठागरावर मुकादम आहेत, पाच खोल्यांचं कौलारू घर आहे, आणि तरीही आम्ही आईला ठेवणार नाही असं दोघांनी मिळून लिहून दिलं आहे. (तो कागद साहेबांनी मला दाखवला. अक्षर मोत्यासारखं. मी त्यांना शिकवलं असतं तर मला अभिमान वाटला असता, आणि मग मी त्यांच्या कानाखाली वाजवली असती.)

तू म्हणशील, पाद्रीबाबांकडे का गेली नाहीस? गेले असते तर शनिवारी सरक उलटी झाली असती. एकदा त्यांच्या प्रवचनातली वाक्यं मी त्यांना नीट करून दिली होती, तेव्हापासून ते मला बघितलं की आधी हो म्हणतात आणि मग काय हवं ते विचारतात. मी निघालेही होते. जाता जाता पुरावा म्हणून प्रत्येक खोलीत डोकावून घ्यावं म्हटलं, कोण कुठे घुसलं आहे ते. चार नंबरमध्ये रोझा होती. पाच नंबरची कौलं तिच्या नेमकी उशाशी गळायची. दोन पावसाळे ती डोक्याशी परात घेऊन झोपली. ती मला वर आढं दाखवत होती, बघ, कोरडं. तिच्या मागच्या दोघीही अशाच. एकीला चुलीचा धूर बाहेर जाणारी खोली मिळाली, दुसरीला दाराला कडी असलेली. आणि शेवटची, पास्कूची विधवा, तिची भिंत आता शेळीशी लागत नाही. त्या शेळीने गवाक्षातून तोंड घालून तिची एक वहाण, अर्धी जपमाळ आणि नवऱ्याचा फोटोग्राफ खाल्ला आहे. सगळ्यांनी नव्या खोलीचे म्हणून पिठाचे फुगे तळले होते आणि सगळ्यांनी मला बसवून खायला लावले. पुरावा गोळा करायला गेलेली मी, चार घरचे फुगे खाऊन ओटीच्या टोकाला आले, ते आठ नंबरचं दार समोर. पाद्रीबाबांकडे जायला मग पोटात जागा नव्हती.

आता तुझ्या दोन खोल्यांबद्दल. तू म्हणशील, एवढं रामायण कशाला, सरळ कल्याणला का येत नाहीस? मी तुझं क्वार्टर गेल्या ईस्टरला पाहिलं आहे, फेलिक्स. मालगाडी गेली की भिंतीवरचा मारीचा फोटो तोंड फिरवतो. तू घोरतोस आणि इंजिन शिट्टी मारतं, दोघांत विसावा कुणीच देत नाही. व्हेरोनिका डुकराच्या मटणाचं सोरपोतेल करते, त्यात एवढं व्हिनेगर असतं, की कंपनीने ते इंजिनाचं पितळ घासायला घ्यावं. तुझ्या मिशांचा कलप उशीला लागतो. तुझी मुलं गणितात कच्ची आहेत आणि ती तुझ्यावर गेली आहेत. तुझ्या घरी चार दिवस राहिलं की मला माझं स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही, आणि माझं बोलणं ऐकल्याशिवाय मला करमत नाही. शिवाय ते क्वार्टर तुझं नव्हे, कंपनीचं. तीन वर्षांनी तुला पंचावन्न पुरी झाली की कंपनी तुला एक घड्याळ देईल आणि पंधरा दिवसांत घर रिकामं करून मागेल. खडवलीला नदीकाठी जमीन घेऊन घर बांधणार म्हणून तू दहा वर्षं सांगतोस. मी नकाशाही पाहिला आहे, त्यात तू गोठा काढला आहेस आणि स्वयंपाकघर विसरला आहेस. म्हणजे तीन वर्षांनी तुझ्यासकट सहा माणसं छप्पर शोधत फिरणार, आणि त्यात सातवी मी, एकसष्टाव्या वर्षी. इथली खोली आज सोडली तर ती मला पुन्हा कोण देणार? मी आयुष्यभर दुसऱ्याच्या छपराखाली राहिले. आधी मदर इग्नेशियांच्या कॉन्व्हेंटात, मग शाळेच्या खोलीत. ही धर्मादाय असली तरी पहिली खोली, जिच्या दाराची किल्ली माझ्या कमरेला आहे.

आणि खरं सांगायचं तर आठ नंबरमध्ये मला वाईट दिवस आलेले नाहीत. सहा वर्षांपूर्वी मी इथे होते तेव्हा रागाने मागची खिडकी कधी उघडलीच नव्हती, कारण शेळी. आता उघडली. समोर मिठागरं दिसतात, मिठाचे ढीग पांढरे आणि त्यापलीकडे खाडीवरून भरतीबरोबर येणारे मचवे. शेळीशी माझं पटलं आहे. तिला मी बोट दाखवून दोनदा ‘मागे हो’ म्हटलं आणि ती झाली, मुलींच्या पहिल्या इयत्तेपेक्षा लवकर. नाताल रोज एक अंडं आणून देते आणि तीन नंबरमध्ये वारा कसा आहे ते सांगते. मयताच्या गाडीचं चाक कुरकुरत होतं, त्याला मी तेल घालून घेतलं. आता माझ्यापुढे सात जणी आहेत. सगळ्या कशा आहेत ते मी रोज विचारते आणि सगळ्या मला हसून उत्तर देतात, कारण सगळ्यात मागच्या बाईची भीती कुणालाच नसते. एवढी माणसं माझ्याशी इतकं गोड कधीच बोलत नव्हती.

तर असं आहे. व्हेरोनिकाला, मुलांना आशीर्वाद सांग. गुडघ्यावर एरंडाचं पानच बांध.

तुझ्यावर रागावलेली
तुझी बहीण अ‍ॅग्नेस

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण वर राहूनच गेलं. माझ्या नव्या अर्जाला भावाचा लेखी नकार जोडावा लागतो. तो शनिवारच्या आत साहेबांच्या हाती पडायला हवा, नाहीतर रविवारी मोत्यासारखं अक्षर जिंकेल आणि मी ओटीवर. या वेळी मात्र ‘द्वारा’ लिही, ठळक लिही, हवं तर दोनदा लिही. मजकूर असा घे: ‘माझी बहीण अ‍ॅग्नेस हिला मी माझ्या घरी ठेवू शकत नाही व ठेवणार नाही. तिचा स्वभाव तिखट असून माझ्या बायकोच्या स्वयंपाकास ती नावं ठेवते. सबब माझं आधीचं पत्र रद्द समजावं.’ सही व्हेरोनिकाचीही घे. तिला मजकुरात भर घालावीशी वाटली तर घालू दे.

दुसरी ता. क. खोटं लिहायला मी तुला सांगणार नाही; मदर इग्नेशिया स्वर्गातून बघत असतील. तू मला खऱ्या रागाने नकार द्यावास अशी माझी इच्छा आहे, म्हणून क्वार्टर, मिशा, मुलं आणि सोरपोतेल यांबद्दल मी वर चार शब्द जास्त लिहिले. वाचून राग आला असेलच. तो उतरायच्या आत बसून लिहून टाक, म्हणजे दोघांनाही पाप लागणार नाही. उतरल्यावर हे वाच, की तुझी मुलं गणितात तुझ्याएवढी कच्ची नाहीत आणि सोरपोतेल मी त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं होतं. व्हिनेगरचं मात्र खरं आहे.

तिसरी ता. क. तुझा नकार इनास ओटीवर वाचणार आहे, तेव्हा अक्षर मोठं काढ आणि माझं वय घालू नकोस. सातही जणींना हे ठाऊक आहे. तुला दगडाचं काळीज मिळावं म्हणून त्या रोज संध्याकाळी माझ्या खोलीत गुडघे टेकून प्रार्थना करतात. नाताल म्हणते, एवढा चांगला भाऊ इतक्या लवकर वाईट होईल का, तिला शंका आहे. तिला खोटं पाड.

चौथी आणि शेवटची. नाताळाला मी तुमच्याकडे चार दिवस येईन. पाहुणी म्हणून गेलेलं सातव्या नियमात बसतं, मी वाचून घेतलं आहे. येताना तुझं ते पहिलं पत्र घेऊन येईन. नकार दप्तराला लागला की त्यांना त्याचा उपयोग उरणार नाही, आणि व्हॅलेरियनसाहेबांनी ते मला द्यायचं कबूल केलं आहे. खिडकीबद्दल तू नक्की काय लिहिलं आहेस यावर नाताल आणि रोझा यांचं एकमत होत नाही. मी ते अजून स्वतः वाचलेलं नाही.